पहिल्या शाळेचा निरोप

शेतातील पीक खळ्यावर आले की शेतकरी खळ्याची पूजा करतो. नवे घर बांधून झाले की घरधनी वास्तुशांत करतो आणि ज्या गवंड्यांनी व सुतारांनी ते घर उभारले त्यांना नारळ देऊन त्यांचा मान करतो. एखादे मोठे काम तडीस गेले म्हणजे त्याचा आनंद एकट्याने न भोगता चार माणसांत वाटून घ्यावा, ही आपल्या समाजाची जुनी रीत आहे. प्राथमिक शाळेतील शिक्षण पुरे होणे हेही असेच एक मोठे काम होय. ते एका दिवसात होत नाही आणि एका माणसाच्या हातूनही होत नाही. म्हणूनच शाळेचे वर्ष संपत आले की गावोगावच्या प्राथमिक शाळांतून अखेरच्या वर्गातील मुलामुलींना निरोप देण्याचा समारंभ साजरा केला जातो.

या समारंभाचे स्वरूप साधे असते. आदल्या दिवशी मुले शाळेचे अंगण झाडून काढतात. दाराला आंब्याच्या पानांचे तोरण लागते. फळ्यावर रंगीत खडूने सुविचार लिहिला जातो. वर्षभरात मुलांनी काढलेली चित्रे, तयार केलेले नकाशे व तक्ते, मातीची फळे व पाने, हस्तलिखिताचे अंक अशा वस्तू ओळीने मांडून ठेवतात. एरवी शाळेच्या फाटकापाशीच थांबणारी आईबापे त्या दिवशी आत येऊन सतरंजीवर बसतात. कोणी मुलगा कविता म्हणतो, कोणी मुलगी धडा वाचून दाखविते, कोणी पाढे म्हणतो. खालच्या वर्गातील मुले गाणे म्हणतात. निघून जाणारी मुले शाळेला आठवण म्हणून एखादे घड्याळ, नकाशा किंवा गोष्टींची पुस्तके देतात; काही शाळांतून अंगणात एक रोप लावले जाते. गुरुजी किंवा बाई दोन शब्द बोलतात आणि शेवटी सर्वांना खाऊ मिळतो. पाहणाऱ्याला हा दोन घटकांचा कार्यक्रम वाटेल. परंतु त्याच्यामागे फार मोठा इतिहास उभा आहे.

प्राथमिक शिक्षणाला असा ठरलेला शेवट पूर्वी नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत महाराष्ट्रात पंतोजींच्या शाळा चालत. त्या कोणाच्या तरी पडवीत किंवा देवळाच्या ओवरीत भरत. मुले धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत. हात बसला म्हणजे बोरूने मोडी लिहावयास शिकत. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे कोष्टकही तोंडपाठ करावे लागे. व्यवहारापुरता हिशेब आणि पत्र वाचण्याइतके अक्षर आले की मुलगा शाळेतून निघे आणि बापाच्या धंद्याला लागे. शाळा केव्हा संपली हे सांगणारा दाखला नसे आणि इयत्ताही नसत. शिवाय त्या पडवीत बसण्याचे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येई. मुली तेथे जवळजवळ नसतच. ज्या जातींना समाजाने अस्पृश्य मानले होते त्यांच्या मुलांना तर त्या ओवरीची पायरीही चढता येत नसे.

हे दार उघडण्याचे मोठे काम पुणे शहरात सुरू झाले. १८४८ साली जोतीराव फुले यांनी बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई फुले तेथे शिकवू लागल्या. पुढे अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींसाठीही त्यांनी शाळा चालविल्या. त्या वेळी अनेक लोकांना हे पसंत नव्हते. मुलींना अक्षर कळावयाचे नाही, खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची बुद्धी शिक्षणाला पोचावयाची नाही, असे ते उघडपणे म्हणत. अशा आक्षेपांना शब्दांनी उत्तर देऊन भागत नाही. प्रत्यक्ष दाखवावे लागते. फुल्यांच्या शाळांनी तेच केले. त्या काळी परीक्षा बंद खोलीत होत नसे. शहरातील मान्यवर मंडळींना आमंत्रण जाई, परीक्षक मुलांना सर्वांसमक्ष प्रश्न विचारीत आणि चांगली उत्तरे देणाऱ्यांना बक्षिसे देत. १८५३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात या मुलींची परीक्षा पुण्यात झाली तेव्हा ती पाहावयास लोकांची प्रचंड गर्दी जमली होती. ज्यांना काही यावयाचे नाही असे सांगितले जात होते, त्याच मुली भर सभेत उभ्या राहून वाचीत होत्या आणि उत्तरे देत होत्या. त्याआधी १८५२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात सरकारने विश्रामबाग वाड्यात समारंभ करून जोतीरावांचा शाल देऊन गौरव केला होता.

त्या शाळांमध्ये शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने एक निबंध लिहिला. मांग आणि महार या जातींच्या लोकांना जे दुःख भोगावे लागते त्याविषयीचा तो निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या पत्रात छापून आला. थोड्याच वर्षांच्या शिक्षणावर एका लहान मुलीने आपल्या समाजाची व्यथा स्वतःच्या शब्दांत मांडली आणि ती छापील अक्षरात लोकांनी वाचली. प्राथमिक शाळा मुलाला काय देते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. शाळा त्याला अक्षर देते आणि त्या अक्षराच्या जोरावर त्याला स्वतःचा आवाज सापडतो. आज वार्षिक समारंभात एखादी मुलगी सर्वांपुढे उभी राहून स्वतः लिहिलेला निबंध वाचते, तेव्हा ती या जुन्या परंपरेतच उभी असते.

पुढे सरकारी शिक्षण खाते स्थापन झाले. इयत्ता ठरल्या, पुस्तके ठरली आणि मराठी शाळेतील शेवटच्या इयत्तेची सरकारी परीक्षा सुरू झाली. ही परीक्षा उतरलेल्या मुलाला प्राथमिक शाळेत शिक्षक होता येई किंवा सरकारी कचेरीत लहानशी नोकरी मिळे. खेडेगावातील गरीब घराला तो मोठाच आधार होता. परंतु परीक्षेची ठिकाणे मोजकी असत आणि तेथपर्यंत पोचणे हीच एक परीक्षा असे.

धोंडो केशव कर्वे यांची हकीकत या बाबतीत प्रसिद्ध आहे. कर्वे यांचे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड या समुद्रकाठच्या गावी गेले. १८७५ साली त्यांना मराठी सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेस बसावयाचे होते. दिवस पावसाळ्याचे होते. समुद्र खवळलेला असल्यामुळे मुंबईस जाण्याचा मार्ग बंद होता. तेव्हा त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी साताऱ्याच्या केंद्रावर जाण्याचे ठरविले. मुरुडाहून सातारा शंभर मैलांहून अधिक लांब. मध्ये सह्याद्रीचा कुंभार्ली घाट. पाठीवर सामान घेऊन, पावसात भिजत, चिखल तुडवीत ही मुले पायी चालत साताऱ्यास पोचली. परीक्षेला बसण्यासाठी सतरा वर्षे पुरी असावी लागत. कर्वे यांना ती झाली होती. परंतु ते अंगाने किरकोळ असल्यामुळे वयाने फार लहान दिसत. परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्यास त्यांच्या वयाची खात्री पटेना आणि त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. एवढी पायपीट करून आलेला तो मुलगा परीक्षा न देताच परतला.

तरीही कर्वे यांनी शिक्षणाकडे पाठ फिरविली नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानंतर इंग्रजी शिक्षण घेऊन १८८४ साली ते पदवीधर झाले आणि पुण्यास गणिताचे प्राध्यापक म्हणून काम करू लागले. स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी आपले आयुष्य वेचले आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना ‘भारतरत्न’ हा किताब मिळाला. विद्यापीठाची स्थापना करणाऱ्या या माणसाला खेड्यातील लहान शाळेचा मात्र कधीच विसर पडला नाही. १९३६ साली, वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षे उलटल्यावर, त्यांनी ज्या खेड्यांत शाळा नव्हत्या तेथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी एक मंडळ स्थापन केले आणि त्यासाठी ते दारोदार वर्गणी गोळा करीत हिंडले. परीक्षेसाठी शंभर मैल चालावे लागलेल्या माणसाला, शाळा मुलाच्या दारापाशी का असावी हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

शाळा दारापाशी असावी एवढेच पुरेसे नाही, ती प्रत्येक मुलासाठी असावी, ही मागणी महाराष्ट्रात जुनी आहे. १८८२ साली इंग्रज सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले होते. शेतकऱ्यांच्या करातून सरकारचा खजिना भरतो. मग त्याच शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा का नसाव्यात, असा त्यांचा सवाल होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो आपल्या सर्व राज्यात लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते पुढल्याच वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. परंतु त्यामुळे साऱ्या देशात या प्रश्नाची चर्चा झाली. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. जे आईबाप मुलाला शाळेत पाठविणार नाहीत त्यांना दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपयाला फार किंमत होती. मुलाला शाळेत न पाठविणे ही केवळ घरातली गोष्ट नसून ती साऱ्या समाजाची हानी आहे, हे त्या दंडामुळे लोकांना कळू लागले.

भारत स्वतंत्र झाल्यावर राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे ध्येय राष्ट्रापुढे ठेवले. १९५१ च्या जनगणनेत देशात शंभर माणसांमागे सुमारे अठराजणांनाच लिहिता-वाचता येत होते. स्त्रियांमध्ये तर हे प्रमाण शंभरात नऊच्या आसपास होते. २०११ च्या जनगणनेत साक्षरांचे प्रमाण शंभरात सुमारे त्र्याहत्तरपर्यंत पोचले. २००२ साली घटनेत दुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना शिक्षण मिळणे हा त्यांचा मूलभूत हक्क ठरला. त्यासाठीचा कायदा २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याने पहिली ते पाचवी हे प्राथमिक आणि सहावी ते आठवी हे उच्च प्राथमिक शिक्षण मानले आहे. अनेक लहान गावांतील शाळा चौथीपर्यंतच असल्यामुळे तेथील मुलांना पहिल्या शाळेचा निरोप आणखी लवकर घ्यावा लागतो. वर्ग कोणताही असो, ज्या शाळेने पहिले अक्षर शिकविले ती सोडून जाण्याचा दिवस प्रत्येकाच्या आयुष्यात एकदाच येतो.

त्या दिवशी ज्याचा आनंद साजरा करावयाचा ते यश नेमके कोणते? पुष्कळांना यश म्हटले की पहिला क्रमांक, शिष्यवृत्ती किंवा चांदीचा पेला आठवतो. ज्यांनी कष्ट करून हे मिळविले त्यांचे कौतुक अवश्य झाले पाहिजे. परंतु प्राथमिक शाळेचे खरे यश याहून व्यापक आहे. जे मूल पहिल्या दिवशी आईचा पदर सोडावयास तयार नव्हते, तेच आता सभेपुढे धीटपणे बोलते. ज्याला स्वतःचे नाव ओळखता येत नव्हते, ते आजीला आलेले पत्र वाचून दाखविते, एस. टी. वरील गावाचे नाव वाचून वडिलांना योग्य गाडीत बसविते, औषधाच्या बाटलीवरील सूचना समजून घेते आणि दुकानदाराने दिलेल्या सुट्ट्या पैशांचा हिशेब तपासते. शेताच्या बांधाची लांबी मोजून क्षेत्रफळ काढणे त्याला जमते. ओढ्याचे पाणी गाळून व उकळून का प्यावे हे त्याला ठाऊक असते. निरनिराळ्या घरांतून आलेली मुले एका सतरंजीवर बसली, एका पंगतीत जेवली आणि एका खेळात हरली-जिंकली, हेही शिक्षणच होय. या गोष्टींना गुण नसतात, म्हणून त्यांची किंमत कमी होत नाही.

शिवाय यशाची वाट सर्वांना सारखी सपाट नसते. कोणी वाडीवरून ओढा ओलांडून शाळेत येतो. कोणी पहाटे गुरांचे शेणपाणी करून मग दप्तर उचलतो. कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन वर्गाच्या दारात बसून शिकते. अशा मुलाने मिळविलेले साठ गुण दुसऱ्याच्या नव्वद गुणांहून अधिक कष्टाचे असू शकतात. म्हणून अनेक शाळांतून अभ्यासातील बक्षिसांबरोबर नियमित हजेरीसाठी, स्वच्छतेसाठी, सुवाच्य अक्षरासाठी, खेळासाठी आणि दुसऱ्याला मदत करण्यासाठीही शाबासकी दिली जाते. जपानमध्ये सहा वर्षांचे प्राथमिक शिक्षण संपल्यावर मार्च महिन्यात जो समारंभ होतो, त्यात मुलांची नावे एकामागून एक पुकारली जातात. नाव ऐकताच मूल उभे राहून मोठ्याने हुंकार देते, व्यासपीठावर जाते आणि मुख्याध्यापकांच्या हातून आपले प्रमाणपत्र दोन्ही हातांनी स्वीकारते. तेथे क्रमांक लावले जात नाहीत. प्रत्येकाचे नाव सर्वांना ऐकू जाते, हाच त्या समारंभाचा गाभा होय.

नाव पुकारले जाण्याचे महत्त्व का आहे, हे शाळेच्या दप्तरावरून कळते. मूल प्रथम शाळेत येते तेव्हा त्याचे नाव एका मोठ्या नोंदवहीत लिहिले जाते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. त्यात नाव, जन्मस्थळ, अंकांत व अक्षरांत जन्मतारीख आणि प्रवेशाची तारीख असते. शाळा सोडताना याच नोंदीवरून ‘शाळा सोडल्याचा दाखला’ तयार होतो. हा कागद पुढे आयुष्यभर उपयोगी पडतो. त्यावर प्रगती आणि वर्तणूक यांचे रकाने असतात आणि आणखी एक रकाना असतो, तो म्हणजे शाळा सोडण्याचे कारण. निरोपाच्या समारंभात बसलेल्या मुलांच्या दाखल्यावर त्या रकान्यात ‘पुढील शिक्षणासाठी’ असे लिहिलेले असते. हे दोनच शब्द. परंतु आईबापांचे कष्ट, शिक्षकांची शिकवणूक आणि मुलाचा अभ्यास यांचे सार त्यांत आलेले असते.

सर्वच मुलांच्या नशिबी हे दोन शब्द येत नाहीत. पहिलीच्या हजेरीपटावर जी नावे असतात त्यांतील काही अखेरच्या वर्गाच्या हजेरीपटावर सापडत नाहीत. मराठवाड्यातील व इतर कोरडवाहू भागांतील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊस तोडण्यासाठी घर सोडतात आणि उन्हाळ्यात परत येतात. आईबापांबरोबर मुलेही जातात. गावच्या शाळेत त्यांची जागा रिकामी राहते आणि कारखान्याजवळच्या पालावर पाटीपुस्तक नसते. परत आल्यावर पुढे गेलेला वर्ग त्यांना गाठता येत नाही. काहींना धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहावे लागते; त्यांत मुलींची संख्या अधिक असते.

अशा मुलांसाठी महाराष्ट्रात अनेकांनी प्रयत्न केले आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी व कोसबाड या भागांत आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखावयास जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, असे त्यांना आढळून आले. तेव्हा शाळाच गुरांच्या मागे कुरणात गेली. तिला ‘कुरणशाळा’ असे नाव मिळाले. गुरे चरत असत आणि मुले झाडाखाली बसून पाने, बिया व खडे मोजीत अंक शिकत असत. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात ‘साखरशाळा’ निघाल्या. आईबाप बाहेरगावी गेले तरी मुलांना गावातच राहून शिकता यावे, म्हणून हंगामी वसतिगृहांची सोयही करण्यात आली. २००९ च्या कायद्यानुसार एका गावाहून दुसऱ्या गावी गेलेल्या मुलाला तेथील शाळेत प्रवेश मिळण्याचा हक्क आहे. जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, एवढ्या कारणाने त्याला परत पाठविता येत नाही. तथापि कायदा कागदावर असतो. तो खरा करावयाचा तर शिक्षकाला सुट्टीतही घरोघर फिरून पटनोंदणी करावी लागते, आईबापांची समजूत घालावी लागते आणि गावाला त्याच्या पाठीशी उभे राहावे लागते. सोबत्यांचाही यात वाटा असतो. एखादा मुलगा चार दिवस शाळेत दिसला नाही, तर त्याच्या घरी प्रथम जातो तो त्याच्या शेजारी बसणारा मित्रच. राहिलेला धडा समजावून देणारी मैत्रीण असली म्हणजे मागे पडलेली मुलगी पुन्हा वर्गात येण्यास कचरत नाही.

यावरून निरोपाच्या समारंभाचे खरे मोजमाप कसे करावे हे लक्षात येईल. किती पताका लागल्या, कोण पाहुणे आले, किती बक्षिसे वाटली, यांवरून ते करता येत नाही. शाळेत जी मुले एकत्र आली होती, ती सर्व एकत्र बाहेर पडली काय, हा त्या दिवशी विचारण्याजोगा प्रश्न आहे. ज्या गावात या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे देता येते, त्या गावाची शाळा लहान असली, तिचे छप्पर कौलारू असले आणि तिच्या अंगणात दोनच वर्ग भरत असले तरी तिने फार मोठे काम केले आहे. ज्या गावात एकदोन नावे गळलेली आहेत, तेथे समारंभ अवश्य व्हावा. मात्र ती नावे विसरली जाऊ नयेत. सुट्टी संपण्यापूर्वी ती मुले पुन्हा शाळेत येतील अशी खटपट करणे, हेच तेथील समारंभाचे पुढचे काम होय.

पहिली शाळा सोडून मुले मोठ्या शाळेत जातात. तेथे विषय वाढतात, शिक्षक बदलतात आणि ओळखी नव्याने कराव्या लागतात. सुरुवातीला मन बावरते; परंतु पहिल्या शाळेने दिलेली शिदोरी जवळ असते. वाचता येणाऱ्याला कोणतेही पुस्तक परके नाही आणि विचारावयास न लाजणाऱ्याला कोणताही विषय फार काळ कठीण राहत नाही. उन्हाळा सरून जून महिना उजाडला म्हणजे त्याच शाळेच्या त्याच वर्गात नवी मुले येऊन बसतात. नोंदवहीत त्यांची नावे लिहिली जातात, जन्मतारखा लिहिल्या जातात. शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना तेवढा कोरा राहतो. तो पुढे कोणत्या शब्दांनी भरावयाचा, हे त्या मुलांवर, त्यांच्या घरांवर आणि साऱ्या गावावर अवलंबून असते.